भटूभाऊंची सरासरी

आमच्या शेजारच्या भटूभाऊंना साधा प्रश्न विचारायची सोय उरलेली नाही. "काय भटूभाऊ, तब्येत कशी आहे?" असं विचारलं की हा माणूस आभाळाकडे बघतो, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो आणि सांगतो, "सकाळे वीसवर व्हती सर, आते ऐंशीवर शे. सरासरी पन्नास धरा." वहिनींनी भाजी कशी झाली म्हणून विचारावं, तर "मीठ जास्त, तिखट कमी, सरासरी बराबर शे." गल्लीतल्या एका मुलीला स्थळ आलं. मुलाकडची माणसं भटूभाऊंच्या ओळखीची, म्हणून मुलीच्या बापाने चौकशी केली. भटूभाऊ म्हणाले, "पोरगा शंभर, बाप चाळीस. सरासरी तुम्हीच काढी ल्या." ते लग्न मोडता मोडता राहिलं.

या खुळाला रस्त्यावरचा कॅमेरा जबाबदार आहे आणि थोडाफार मी. मी नंदुरबारला हायस्कुलात गणित शिकवत होतो. आता निवृत्त आहे, पण कोणी गणिताचं काही विचारलं की माझा हात खडू शोधायला लागतो.

भटूभाऊंचा अंड्यांचा टेम्पो. रोज सकाळी रिकामी गाडी घेऊन विसरवाडीमार्गे नवापूरला जायचं, तिथल्या पोल्ट्रीतून ट्रे भरायचे आणि दुपारच्या आत नंदुरबारच्या दुकानांमध्ये उतरवायचे, हा त्यांचा धंदा. येताना गाडीत अंडी असायची, त्यामुळे येताना ते नव्या नवरीला घेऊन निघाल्यासारखे यायचे. जाताना मात्र मागे कोणी लागल्यासारखे जायचे. एकदा विसरवाडीच्या चौकात एका ट्रकवाल्याने त्यांना अडवून विचारलं होतं, "भाऊ, घरमा कोन आजारी शे का?" भटूभाऊ म्हणाले, "नही, सगळा बेस शेतस," आणि पुन्हा सुसाट सुटले. इकडे दुपारी टेम्पोचा आवाज गल्लीत शिरेपर्यंत वहिनी दारातून आत-बाहेर करत राहायच्या. आवाज आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग विसरवाडी आणि नवापूरच्या मधे हायवेवर दोन लोखंडी कमानी उभ्या राहिल्या, त्यांवर कॅमेरे बसले. लोकांनी आपापल्या परीने त्यांचं स्वागत केलं. कोणी नंबरप्लेटवर लिंबू-मिरच्या अशा बेताने लोंबत्या ठेवल्या की नंबर दिसू नये. एक जीपवाला कमानीखाली इतक्या जोरात ब्रेक दाबायचा की मागच्या सीटवरची माणसं पुढच्या सीटवर यायची. एक म्हातारे मोटारसायकलवाले तर कमान आली की वेग कमी करून हात जोडायचे. भटूभाऊंची युक्ती सोपी होती. कमानीखालून गरीब गाईसारखं जायचं, आणि कमान मागे पडली की आहेच.

तरीही मोबाइलवर दंडाचा मेसेज आला. भटूभाऊ मोबाइल नाचवत माझ्याकडे आले.

"सर, हाई लबाडी शे! कमानखाले मन्ही गाडी चाळीसवर व्हती. देवनी आन!"

मी त्यांना त्यांच्याच टेम्पोपाशी नेलं आणि पत्र्यावर खडूने दोन उभ्या रेघा मारल्या. म्हटलं, "भटूभाऊ, कमानीखाली तुम्ही किती वेगात होता ते हा कॅमेरा बघतच नाही. पहिली कमान तुमचा नंबर आणि वेळ टिपून ठेवते. दुसरी कमानही तेच करते. मधलं अंतर ठरलेलं. ते अंतर कापायला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या आधी तुम्ही पोचलात, म्हणजे मधे गाडी पळवली. मधला सगळा रस्ता मिळून तुमची सरासरी काढतात."

भटूभाऊंनी एका रेघेपासून दुसरीपर्यंत बोट फिरवलं. "म्हंजे मधमा काय करं, ते कोनी देखस नही?"

"नाही."

"फक्त कवय निंघना आन कवय पोचना?"

"बरोबर."

"मंग मी मधमा बठी ऱ्हायनू तं?"

गणिताच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती, त्यामुळे मला हो म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून भटूभाऊ पहिली कमान ओलांडून सुसाट सुटायला लागले आणि मधल्या फाट्यावर गाडी लावून वेळ जिरवत बसायला लागले. असा उद्योग करणारे ते एकटे नव्हते, पण बाकीचे जिथे समोसे चांगले मिळतात तिथे थांबत. भटूभाऊ थांबत त्या फाट्यावर टपरीसुद्धा नव्हती. एक निंब होता, आणि रस्त्याच्या पलीकडे त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर.

या बहिणीशी, कमलबाईंशी, त्यांचं बोलणं बंद होतं. तेही गाडीच्या पायीच. भाचीच्या लग्नात मामाने नवरीला मांडवात आणायचं आणि अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागे उभं राहायचं. त्या दिवशी सकाळी एका दुकानदाराचा फोन आला, आणि भटूभाऊ "हाई गऊ आन हाई उनू" म्हणत अंडी पोचवायला निघाले. परतताना वेगात टायर फुटलं. मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीच्या मागे मामा म्हणून शेजारचा कोणी उभा राहिला होता. कमलबाई भर मांडवात म्हणाल्या, "जगना पहिले पोचस रे तू. मन्ही पोरनाच टायमले उशीर व्हयना तुले?" भटूभाऊंना ते झोंबलं. चूक आपली असली की माणसाला जरा जास्तच झोंबतं. न जेवता ते गाडीत बसले आणि पुढची कित्येक वर्षं त्या घरावरून रोज गेले ते मान सरळ ठेवून, हॉर्न दाबून.

आता कॅमेऱ्याने त्यांना नेमकं तिथे आणून बसवलं होतं. सुरुवातीला ते घराकडे पाठ करून निंबाखाली उभे राहत. एक दिवस मागून आवाज आला, "निंबखाले काबर उभा शे?"

भटूभाऊ न वळता म्हणाले, "कॅमेरा शे. सरकारी काम शे."

"सरकारी कामले चहा चालस का?"

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "मग काय म्हणालात?" तर म्हणाले, "काय म्हनसू? पिऊनी घेतला." आणि मग रोजच प्यायला लागले. दोन कमानींच्या मधे ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, भाचीची खुशाली ऐकायची, घड्याळ बघून "चला, सरासरी बसनी" म्हणत उठायचं. मांडवातल्या गोष्टीचा विषय त्यांनीही काढला नाही आणि कमलबाईंनीही नाही. आपला भाऊ दंडाला भिऊन थांबतो, असं बहिणीला वाटत होतं, निदान भटूभाऊंचा तसा समज होता. वहिनी सुखावल्या होत्या, गल्ली सुखावली होती. मीसुद्धा माझ्या गणिताचा जगात कुठेतरी उपयोग झाला म्हणून खुशीत होतो.

आणि परवा भटूभाऊ माझ्या दारात आले ते तोंड उतरवून.

"सर, रस्ता रुंद करी ऱ्हायनात. कमानी काढतीन आसं आयकू उनं."

"चांगलंच झालं की! आता दंडाची भीती नाही, थांबायची कटकट नाही."

मी वर्गात ढ पोराकडे बघायचो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सकाय तुम्ही मन्हासंगे नवापूरले चला."

"उद्या? कशाला?"

"असंच."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी गाडीत बसवलं नव्हतं आणि मीही बसलो नसतो. तरी गेलो. जाताना देवाला नमस्कार केला, चष्म्याला दोरी बांधली, आणि टेम्पोत बसल्यावर दाराची कडी दोन्ही हातांनी धरली.

विसरवाडीचा चौक मागे पडला. पहिल्या कमानीचे नुसते खांब उभे होते. वरचे कॅमेरे काढून नेले होते, तारा लोंबत होत्या. भटूभाऊंनी त्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले, कारण आता गाडी सुटणार हे ठरलेलं. पण बराच वेळ झाला तरी काही होईना. डोळे उघडले तर गाडी रमतगमत चाललेली. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. मागे एक एस.टी. हॉर्न मारून मारून थकली होती.

"आज हळू चालवताय?"

"रोजच चालाडस."

मी शिक्षक माणूस, माझ्या डोक्यात लगेच आकडेमोड सुरू झाली. "अहो, रोज या वेगाने जात होतात तर तुमची सरासरी आपोआपच बसत होती. मधे थांबायची काही गरजच नव्हती."

"मले म्हाईत शे ना, सर."

"मग थांबत होतात कशाला?"

भटूभाऊ स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "सुरवातले पळाडी व्हती गाडी. मंग वाटे, पळीसन कोठे जानं शे? पन कॅमेरा व्हता म्हनीसन बहीनकडे जाता ये. आते कमानच नही. आते कोनतं तोंड लई जाऊ? मी मन्हा मनथीन उनू, आसं सांगाले मन्ही जीभ नही उचलास."

आता कुठे कळलं, मला कशाला आणलं होतं ते. शाळेत जायला घाबरणाऱ्या पोराने कोणाचा तरी हात धरून जावं, तसं त्यांना माझ्यासोबत जायचं होतं. मी म्हटलं, "सांगा, सरांना चहा पाहिजे होता म्हणून थांबलो." त्यांनी मान हलवली, पण फाटा जवळ आला तरी त्यांचा पाय ब्रेककडे जाईना. हळूहळू का होईना, गाडी पुढेच चालली होती. थांबतात की जातात, काही कळेना.

रस्त्याच्या कडेला पदर खोचून कमलबाई उभ्या होत्या. एस.टी.ला करतात तसा त्यांनी हात लांब केला होता.

ब्रेक लागला. भटूभाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काय व्हयनं वं?"

"चहा थंडा व्हई ऱ्हायना."

"कमान काढी टाकी," भटूभाऊ पुटपुटले.

"कालदिनच काढी लई ग्यात. म्हनीसन तं रस्तावर उनू."

"मी... हाई सर शेतस ना, यासले..."

"भटू," त्या म्हणाल्या, "मी ओटावरथीन रोज देखस तुन्ही गाडी. गावनी म्हसडं तुन्हा पुढे निंघी जातस. कॅमेराले भ्यानारा मानूस आसा येस का? मले काय येडी समजना का तू? उतर खाले."

मी दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून चष्मा पुसत बसलो. दोरी बांधलेली असल्याने तो नीट पुसता येत नव्हता.

ओट्यावर चहा आला. घड्याळ बघायचं काही कारण नव्हतं, पण सवयीने भटूभाऊंनी एकदा मनगट वळवलं आणि पुन्हा खाली ठेवलं. मांडवात उशीर झाला त्याची माफी त्यांनी तेव्हाच मागितली, बशीतल्या चहाकडे बघत, एका वाक्यात. कमलबाई "पे, थंडा व्हई" एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कसा व्हयना चहा?"

भटूभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. साखर ऐंशी, आलं वीस, असलं काहीतरी आता ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत बसलो.

"चांगला शे, कमल," ते म्हणाले.

"सकाय येशी ना?"

"येसू."