हौसाआत्याचं बंद घड्याळ

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि त्या अस्वलाच्या गळ्यात एक घड्याळ होतं. हसू नका, मुलांनो. तुमच्या गळ्यात काय काय असतं ते मी पाहिलं आहे.

अस्वलाचं नाव भालचंद्र. घड्याळ त्याच्या हौसाआत्याचं.

हौसाआत्या म्हणजे खमकी बाई. एकदा जंगलात एक शिकारी आला. आत्या जाळीत बसून करवंदं खात होती. तिनं नुसतं तोंड बाहेर काढलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?" शिकारी जो पळाला तो आपल्या गावात जाऊनच थांबला. मागे बंदूक, टोपी आणि साखळीचं घड्याळ राहिलं. आत्यानं बंदूक नदीत टाकली. टोपी मध गाळायला घेतली. घड्याळ मात्र कानाला लावून पाहिलं. "अगंबाई, हे तर जिवंत आहे!" असं म्हणून तिनं ते गळ्यात घातलं.

भालचंद्र आईवेगळं पोर. आत्यानंच त्याला वाढवलं. दुपारी तिच्या छातीवर डोकं टेकून तो झोपायचा, तेव्हा त्याला दोन आवाज ऐकू यायचे. आत्याच्या काळजाची धडधड आणि घड्याळाची टिकटिक. त्यातला पहिला आवाज एक दिवस थांबला. दुसरा भालचंद्राच्या गळ्यात आला.

रोज सकाळी दात घासायच्या आधी तो घड्याळाला किल्ली द्यायचा. दात तो घासत नसे, पण किल्ली कधी चुकवत नसे.

आणि एका मंगळवारी घड्याळ बंद पडलं.

भालचंद्रानं ते कानाला लावलं. दुसऱ्या कानाला लावलं. किल्ली फिरवायला गेला तर किल्ली पुरेपूर भरलेली, तिळभर हलेना. त्यानं घड्याळावर फुंकर मारली. उन्हात ठेवलं. सावलीत ठेवलं. थोडा मध दाखवला. घड्याळ गप्प.

त्या दुपारी त्याला झोप आली नाही. अस्वलाला दुपारी झोप न येणं ही साधी गोष्ट नव्हे, मुलांनो. थंडीत चार महिने झोपणाऱ्यांचं खानदान ते!

तो उठला आणि टोचे मिस्त्रींकडे गेला. टोचे मिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. जंगलात काहीही बिघडलं की सगळे त्यांच्याकडे जात, आणि पुन्हा कधी जात नसत.

मिस्त्रींनी घड्याळ पालथं घातलं आणि चोचीनं ठक ठक ठक केलं. मान तिरकी करून ऐकलं.

"आत किडा नाही," ते म्हणाले.

"नसणारच. ते घड्याळ आहे."

"मग आधी सांगायचं!"

त्यांनी झाकण उघडलं. आतली चाकं बघून त्यांचे डोळे चकाकले. त्यांनी सगळी चाकं पानावर काढली, वेगवेगळ्या क्रमानं मांडून पाहिली, एक क्रम त्यांना दिसायला फार आवडला, आणि मग सगळी आत भरून झाकण लावलं. पानावर एक बारीक स्क्रू उरला.

"हा राहिला," भालचंद्र घाबरून म्हणाला.

"तो जास्तीचा आहे. कंपन्या घालतात."

"पण घड्याळ अजून बंदच आहे."

"ते आधीपासूनच बंद होतं," टोचे मिस्त्री म्हणाले. "त्याचं खापर माझ्यावर नको."

भालचंद्रानं स्क्रू केसात जपून ठेवला आणि तो वडाखाली गेला. तिथे नवीन सेवा केंद्र उघडलं होतं. दारात फुलांची कमान, आत थंडगार सावली आणि समोर फळीवर राघू नावाचा एक पोपट.

"नमस्कार! वडाखाली आपलं स्वागत आहे! आपली अडचण आमच्यासाठी फार मोलाची आहे!" राघू म्हणाला.

भालचंद्राला भरून आलं. त्यानं सगळं सांगितलं. आत्या, करवंदं, शिकारी, टिकटिक. सांगून होईपर्यंत त्याचं नाक वाहायला लागलं.

"नमस्कार! वडाखाली आपलं स्वागत आहे!" राघू म्हणाला.

"अहो, मी आत्ताच सगळं सांगितलं ना!"

"आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत! खरेदीची पावती?"

"खरेदी नाही. आत्यानं शिकाऱ्याला पळवून मिळवलं."

"अस्सं. मग शिकाऱ्याचं ना हरकत पत्र आणा."

"तो पळाला!"

"पळाल्याचा दाखला चालेल."

शेवटी राघूला दया आली. त्यानं घड्याळ डोंगरापलीकडच्या मुख्य कचेरीत पाठवून दिलं. भालचंद्र रोज वडाखाली जाऊन बसू लागला. दुपारी डोळा लागावा म्हणून तो स्वतःच तोंडानं टिकटिक करायचा. पण टिकटिक करताना झोपता येत नाही, आणि झोपलं की टिकटिक थांबते. करून बघा.

एकविसाव्या दिवशी घड्याळ परत आलं. सोबत भूर्जपत्रावर सुरेख अक्षरात अहवाल होता. त्यात लिहिलं होतं : 'घड्याळ बंद असल्याची ग्राहकाची तक्रार होती. तीन तज्ज्ञांनी तपासणी केली. घड्याळ बंद असल्याची खात्री झाली. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

"आमच्या सेवेला पाचपैकी किती चांदण्या द्याल?" राघूनं विचारलं.

भालचंद्रानं एकच चांदणी दिली. राघू ओक्साबोक्शी रडू लागला. त्याला गप्प करता करता संध्याकाळ झाली आणि शेवटी भालचंद्राला पाच द्याव्या लागल्या.

मग कोणीतरी सांगितलं, डोहाकाठी दगडूअण्णा कासव आहेत. पिढीजात घड्याळजी. तोच माणूस खरा. म्हणजे कासव.

दगडूअण्णांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "उद्या या."

भालचंद्र दुसऱ्या दिवशी गेला.

"झालं का, अण्णा?"

"बघितलं."

"काय बघितलं?"

"घड्याळ. उद्या या."

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी अण्णांनी भिंग काढलं. "फार चांगलं घड्याळ आहे हो. असं काम आता होत नाही."

"म्हणजे दुरुस्त होईल?"

"नाही. असं काम आता होत नाही, तेच म्हणतोय मी. याच्या आतलं कळणारे एकच होते. माझे आजोबा."

"कुठे असतात ते?"

"गेले."

"अरेरे! कधी?"

"गेल्या आठवड्यात. तुम्ही जरा लवकर यायला हवं होतं."

"अण्णा, मी अकरा दिवस रोज येतोय!"

"हो ना," दगडूअण्णा हळहळले. "आणि रोज आपलं उद्यावर जात होतं."

भालचंद्र घड्याळ छातीशी धरून परत निघाला. वाटेत त्याला मयूरपंत भेटले. मयूरपंत मोर. जुन्या वस्तूंचे मोठे जाणकार. नव्या वस्तू त्यांच्यासमोर ठेवल्या तर ते थोडं थांबून त्या जुन्या होण्याची वाट बघत.

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा पिसारा आपोआप उघडला.

"चार वाजून सात मिनिटं!" ते पुटपुटले. "काय तो काटा! काय ती स्तब्धता! भालचंद्रराव, हे घेऊन कुठे निघालात?"

"दुरुस्त करायला कोणी आहे का ते शोधतोय."

"दुरुस्त!" मयूरपंत किंचाळले. इतकं, की लांबवर पाऊस येणार म्हणून एका म्हाताऱ्या सशिणीनं वाळवण उचललं. "अहो, पाप लागेल! चालणारी घड्याळं काय, ढीगभर आहेत. इतकं अस्सल बंद घड्याळ दाखवा एक तरी!"

"पण मला त्याची टिकटिक हवी आहे."

"टिकटिक!" पंत हसले. "भोळे आहात. ही ठेव आता तुमची एकट्याची नाही. ही जंगलाची ठेव आहे."

'जंगलाची' हा शब्द कोणी गोड आवाजात म्हटला, मुलांनो, की आपली वस्तू घट्ट धरावी. भालचंद्राला हे कोणी शिकवलं नव्हतं. तो "हो का?" म्हणाला. तेवढ्यात घड्याळ पंतांच्या पंजात गेलंही होतं.

जंगलाचा राजा सिंह तेव्हा फार कंटाळला होता. उद्घाटन करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. झऱ्याचं त्यानं दोनदा केलं होतं. त्यामुळे मयूरपंतांनी संग्रहालय म्हणताच तो उठून उभा राहिला. गुहा झाडली. काचेची पेटी आली. घड्याळ पेटीत गेलं. खाली पाटी लागली : 'राजघड्याळ. हात लावू नये. वेळ विचारू नये.'

पेटी बघायला ही गर्दी! एका सशानं 'चार-सात : क्षणाचं चिरंजीवपण' या विषयावर सहा व्याख्यानं दिली. सहाही कोणाला कळली नाहीत, म्हणून सातवं ठेवलं. माकडांनी घड्याळासमोर न हलता बसण्याची शिबिरं काढली. ती पहिल्याच मिनिटाला मोडली, पण नावनोंदणी भरपूर झाली.

राजाच्या आनंदाला तर पारावार राहिला नाही. त्यानं फर्मान काढलं : 'आजपासून या जंगलात कायम चार वाजून सात मिनिटं झालेली असतील.'

याचा परिणाम काय झाला, सांगा बरं? जंगलातल्या सगळ्या कचेऱ्या चार वाजता बंद होत. त्यामुळे आता त्या उघडेचनात. राघू फळीवर बसून दिवसभर एकच म्हणायचा, "सात मिनिटांपूर्वी यायला हवं होतं!" शाळा सुटल्या त्या सुटल्याच. चहाची वेळ मात्र कायमची झाली, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

फक्त भालचंद्र तेवढा हिंडत होता. त्याला घड्याळ एकदा, फक्त एकदा, कानाला लावायचं होतं. त्यासाठी अर्ज हवा. अर्ज घ्यायला कचेरी हवी. कचेरी उघडायला चारच्या आत यायला हवं. तो पहाटे गेला तरी चार वाजून सात मिनिटं झालेली असायची.

तो वाळू लागला. मधाची पोळी समोर लटकत असायची आणि तो नुसता बघायचा. मधमाश्यांनाच वाईट वाटायला लागलं. एकीनं तर येऊन विचारलं, "भालूदादा, आमचं काही चुकलं का?"

मग राजघड्याळाचा मोठा उत्सव ठरला. मयूरपंतांना कल्पना सुचली, की घड्याळाच्या जुन्या घरातल्या कोणाच्या तरी हातून हार घालावा. भालचंद्राला निमंत्रण गेलं.

सगळं जंगल जमलं. राजा सिंहासनावर. मयूरपंतांनी तासभर प्रस्तावना केली. अर्थात चार-सातलाच सुरू होऊन चार-सातलाच संपली, त्यामुळे ती लांबली असं कोणाला म्हणता येईना.

भालचंद्र हार घेऊन पेटीजवळ गेला. त्यानं काचेतून पाहिलं. साखळी घासून लख्ख केली होती. तिच्यात अडकलेला आत्याचा एक करडा केस होता, तोही कोणीतरी पुसून टाकला होता.

"दोन शब्द बोला," पंत कुजबुजले.

"आत्या," भालचंद्र म्हणाला. हा एकच शब्द झाला. दुसरा त्याला फुटेना. त्यानं हार टाकला, पेटीला कडकडून मिठी मारली आणि असा हंबरडा फोडला, की गुहेच्या छताला लटकलेली वटवाघळं सरळ झाली.

अस्वलाची मिठी ती. पेटीचा चुरा झाला. घड्याळ उसळलं, सिंहासनाच्या पायरीवर आपटलं, दुसऱ्या पायरीवर आपटलं, आणि राजाच्या पंजाशी जाऊन थांबलं.

सगळे चिडीचूप झाले.

आणि त्या शांततेत आवाज आला.

टिक. टिक. टिक. टिक.

मयूरपंत वाकले. त्यांचा पिसारा मिटला. "महाराज," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चार वाजून आठ मिनिटं झाली."

हाहाकार उडाला. व्याख्याता ससा मूर्च्छित पडला. "आता आठ! मग नऊ होणार! मग कचेरीत जावं लागणार!" अशी ओरड झाली. शाळेतली पोरं तर धाय मोकलून रडू लागली.

"घड्याळाला काय झालं?" राजा गरजला.

"बिघडलं, महाराज," पंत म्हणाले. "चालायला लागलं. आता त्याला काडीचं मोल नाही. असली वस्तू संग्रहात ठेवली तर शेजारची जंगलं आपल्याला हसतील."

राजानं विचार केला. मग आयाळ झटकून निवाडा दिला. "अस्वला, तू जंगलाच्या ठेवीची नासधूस केलीस. याची शिक्षा म्हणून हे बिघडलेलं घड्याळ तू स्वतः गळ्यात बांधून वागवायचं. जन्मभर! आणि आत्ताच्या आत्ता माझं राज्य सोडून जायचं!"

सगळ्यांनी च्च् च्च् केलं. केवढी कडक शिक्षा! भालचंद्रानं तोंड पाडायचा फार प्रयत्न केला. ते पुन्हा पुन्हा कानापर्यंत पसरत होतं. शेवटी त्यानं दोन्ही पंजांनी तोंड झाकलं. लोक म्हणाले, "बघा, किती पश्चात्ताप झाला!"

तो गुहेतून निघाला तो नाचतच. घड्याळ कानाला लावून तो ओढा ओलांडून गेला, टेकडी चढून गेला, वाटेत दोन पोळी मध मटकावला, एका दगडावर पाऊण तास घोरलाही. जंगल कधी संपलं ते त्याला कळलंच नाही.

पलीकडच्या जंगलाच्या वेशीवर एक तरस पहाऱ्याला उभा होता.

"ओ पाहुणे! घड्याळ दिसतंय. किती वाजले?"

भालचंद्रानं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. सरळ धरलं, उलटं धरलं. मग पुन्हा कानाला लावलं आणि त्याचा चेहरा नुसता फुलून आला.

"किती ते मला वाचता येत नाही, भाऊ," तो म्हणाला. "पण वाजतंय!"

तात्पर्य : चालत्या घड्याळाला लोक वेळ विचारतात आणि बंद घड्याळाला हार घालतात. म्हणून मुलांनो, जगात मानसन्मान हवा असेल तर नीट चालत राहू नका. वेळेवर बंद पडायला शिका.