टेबलावरून उचललेली माणसं

जळगावात आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. त्यांनी तुम्हाला टेबलावरून उचललं, की अख्खी गल्ली तुमच्या तब्येतीची चौकशी करायला येते. त्यांना सगळे नाना म्हणतात. मला आत्ता दोन तास कसेतरी काढायचे आहेत, आणि रिकामं बसलं की माझ्या डोक्यात नको नको ते येतं. म्हणून नानांविषयी सांगतो.

आधी टेबलाचं सांगायला हवं. नाना रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जायची तो सांधा ओढणारा माणूस. सगळी नोकरी धरणगावकडच्या एका लहानशा स्टेशनावर गेली. निवृत्त झाल्यावर लोक चार धाम करतात. नानांनी पुढच्या खोलीत प्लायवूडचे दोन तक्ते जोडले आणि त्यावर तेच स्टेशन मांडायला घेतलं. विजेवर चालणारं वीतभर लांबीचं इंजिन, चार डबे आणि गोल फिरून येणारे रूळ. रूळ दोन दिवसांत टाकून झाले. पुढची अकरा वर्षं गेली ती रुळांच्या आजूबाजूला.

गल्लीतल्या प्रत्येक घरातला चहाचा चोथा नानांकडे जातो. तो वाळवून, चाळून ते त्याची काळी माती करतात. केळीची बाग हिरव्या फितीची. प्रत्येक पानाच्या कडा नानांनी कात्रीनं चिरल्यात, कारण वारा सुटला की केळीचं पान फाटणारच. सिग्नलच्या खांबाला विटेची पूड गोंदात कालवून गंज चढवलाय. प्लॅटफॉर्मवरचा नळ गळका आहे आणि त्याच्याखाली कायमची ओल आहे. ती ओल साधायला नानांना एक उन्हाळा लागला. "नळ गळत नै ते स्टेशन खोटं शे," असं त्यांचं म्हणणं.

स्टेशन नोकरीतलं असलं, तरी त्यावरची माणसं आमच्या गल्लीतली. काडेपेटीची काडी, सुतार लाकडाच्या फटी बुजवतो ती लांबी आणि रंग, एवढ्यावर बोटाच्या पेराएवढी माणसं. मी राहायला आलो त्या आठवड्यात नाना दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, जरा फिरा."

मी फिरलो. मोठं माणूस सांगतंय म्हटल्यावर मी काहीही करतो.

"तुम्हना डावा खांदा खाले शे," एवढं बोलून गेले. पंधरा दिवसांनी मी प्लॅटफॉर्मवर, वजनाच्या यंत्राशेजारी उभा होतो. डावा खांदा उतरलेला, शबनम पिशवी लोंबकळतेय, आणि चेहऱ्यावर गाडी चुकणार असल्याची भीती. बायको, सुनंदा, बघून म्हणाली, "अगदी तुम्ही! फक्त हा गप्प बसतो."

नाना स्वतः काही कमी भित्रे नाहीत. "सांधा देखा का?" हा त्यांचा मंत्र. गॅस बंद केला का, कडी लावली का, पोरीच्या लग्नाआधी मुलाची चौकशी केली का, सगळ्याला एकच प्रश्न: सांधा देखा का? टेबलावरची गाडी सोडण्याआधी ते चारही बाजूंनी वाकून पाहतात, हिरवी झेंडी दाखवतात आणि गाडी फिरून येईपर्यंत श्वास रोखून उभे राहतात. गाडी कुठं जाणार हो? पंख्याखालून निघते आणि पंख्याखाली येते. पण आपण शिंकलो तरी नाना डोळे वटारतात.

आता भीतीचा भाग.

आमच्या गल्लीतले आबा, पेपर वाचणारे, टेबलावर निंबाखाली बसलेले असत. एके दिवशी ते तिथं नव्हते. निंब होता, ओटा होता, आबा नव्हते. पंधरा दिवसांनी खरे आबा गेले. तेव्हा कुणी जोड लावली नाही. पुढच्या वर्षी पिठाच्या गिरणीवाल्या अक्का टेबलावरून नाहीशा झाल्या, आणि दोन महिन्यांत गिरणीवरूनही.

झालं! गल्लीला गणित सुटलं. नाना ज्याला उचलतात, त्याला वरचा उचलतो.

त्यानंतर नानांकडे जी रीघ लागली म्हणता! कुणी भरीत नेतंय, कुणी कळण्याची भाकरी, कुणी केळीचे वेफर्स. डबा पुढं करायचा आणि तिरक्या डोळ्यानं टेबल बघायचं, की आपण आहोत ना जागेवर? शेजारचा धट्टाकट्टा दूधवाला रोज सकाळी खिडकीतून डोकावून स्वतःला बघून मगच सायकलवर टांग टाकायचा. एका सूनबाईनं तर हळूच विचारलं म्हणे, "नाना, आमच्या सासूबाईंचा रंग उडालाय. उचलून नवीन रंग द्यायचा का?" नानांना यातलं काही कळत नव्हतं. ते आपले भरीत खात होते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. अंधश्रद्धेवर माझं चाळीस मिनिटांचं व्याख्यान तयार आहे, उदाहरणांसकट. तेव्हा मी या सगळ्याला हसत होतो, आणि रोज चोथा द्यायला स्वतः जात होतो. बायकोला वाटायचं मदत करतोय.

गेल्या वर्षी मला जिना चढताना छातीत दाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नळी घालून तपासू, सोमवारी या, अडथळा असला तर तिथंच काढू. मी सुनंदाशिवाय कुणाला सांगितलं नाही. शनिवारी सकाळी चोथा घेऊन नानांकडे गेलो. सवयीनं वजनाच्या यंत्राकडे पाहिलं.

मी नव्हतो.

प्लॅटफॉर्मवर गोंदाचे दोन ठिपके होते, माझ्या पायांचे. हातातला चोथा तसाच बुटावर सांडला.

"नाना, मी कुठंय?"

नानांनी मान वर केली नाही. ते ब्रशनं एका शेळीला कान काढत होते. "रंग सुकी राहिना," म्हणाले, म्हणजे सुकतोय.

रंग सुकायला किती वेळ लागतो हे विज्ञानाच्या मास्तरला सांगता? रविवारी गेलो, तरी जागा रिकामी. नाना पाण्याची मोटर लावायला मागं गेले तसा मी कपाटाकडे धावलो. मनाची लाज सोडून बिस्किटांचा जुना डबा उघडला. आत कापसावर आबा पेपरासकट निजलेले होते. शेजारी अक्का, पदराला अजून पीठ. मी त्यांच्यातही नव्हतो. जित्यांत नाही आणि मेलेल्यांतही नाही, मग नेमका होतो कुठं? डबा बंद करताना झाकण तीनदा पडलं. घरी येऊन सुनंदाला गॅसचं पुस्तक कुठं असतं ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ते मीच ठेवते. तुम्ही गप पडा."

सोमवारी दवाखान्यात पोचलो, तर बाकावर नाना. न बोलावता आलेले. इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं, आणि डावा हात छातीवरच्या खिशावर गच्च. मला वाटलं, यांनाही छातीत दुखतंय की काय! मला आत नेताना ते उठून उभे राहिले आणि नर्सला म्हणाले, "बाई, सांधा देखा का?" ती बिचारी म्हणाली, "हो आजोबा, सगळे रिपोर्ट बघितले."

हृदयाच्या एका नळीत अडथळा निघाला. स्प्रिंग बसवली. मी जिवंत बाहेर आलो, हे तुम्ही वाचताय म्हणजे तुम्हाला कळलंच असेल.

दुपारी वॉर्डात सुनंदा म्हणाली, "अहो, नाना सकाळपासून उभेच आहेत. चहा दिला तर उजव्या हातानं प्यायले. डावा हात खिशावरून काढला नाही त्यांनी." मी नानांकडे पाहिलं. ते थोडे लाजले. मग खिशातून काडेपेटी काढली आणि उघडली. आत कापसात मी होतो. उतरता खांदा, पिशवी, सगळं.

मग नानांनीच हळूहळू सांगितलं. गल्लीत कुणी आजारी पडलं की त्यांच्या जिवाला घोर लागतो. आजारी माणूस रुळाच्या इतका जवळ कसा ठेवायचा? गाडीच्या हादऱ्यानं पडला तर? म्हणून ते त्याला उचलतात. आबांची खोकल्याची तऱ्हा ऐकून आबांना उचललं. अक्कांना कावीळ झाल्याचं कळलं, तेव्हा अक्कांना. माझं सुनंदाच्या तोंडून निसटलं होतं.

"पन तवय मन्ही चूक व्हयनी, मास्तर," नाना म्हणाले. "गाडी पार व्हयेपावत सांधावाल्यानी जागा सोडानी नै. बत्तीस वरीस मी सोडी नै. आन त्यासले मी डबामा ठेवं, नि घर बशी राहिनू. दोन्ही येळले मी जागा सोडी दिन्ही."

म्हणजे त्या दोघांना डब्यात ठेवून आपण घरी बसलो, त्यांच्याजवळ थांबलो नाही, म्हणून हा माणूस इतकी वर्षं आबांचं आणि अक्कांचं मरण आपल्या माथ्यावर घेऊन बसला होता, आणि आम्ही शहाणे लोक त्याला भरिताची लाच देत होतो. मला माझी लाज वाटली. मी विज्ञान शिकवतो, तेव्हा मला म्हणायला हवं होतं, नाना, आबांना दमा होता, तुमचा काय दोष? मी ते म्हणालोही. पण त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून म्हणालो.

घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा वजनाच्या यंत्राशेजारी चिकटवलं. मी पहिल्यांदाच सगळं टेबल नीट पाहिलं. सगळी गल्ली होती. दूधवाला होता, त्या सूनबाई होत्या, सासूबाई तर ठणठणीत होत्या. सांध्याच्या दांड्यापाशी मात्र कुणी नव्हतं.

"नाना, तुम्ही कुठंय?"

"मी कसाले?" नाना शेळीकडे बघत म्हणाले. "माले उचलाले कोन शे?"

बायको जाऊन त्यांना वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

मग मी लांबी आणली. माझी चित्रकला पाहून शाळेत मुलं बेडकाच्या आकृतीला वांगं समजतात, तरीही बसलो. चार माणसं बिघडली, पाचवं जमलं. टोपी, मिशा, हातात हिरवी झेंडी. नानांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "मन्हं डोकं इतलं मोठं शे का?" म्हणाले. पण सांध्याच्या दांड्यापाशी स्वतःच्या हातानं गोंद लावून दिला. त्या दिवशी त्यांनी गाडी तीनदा फिरवली.

काल संध्याकाळी मी तो माणूस टेबलावरून उचलला.

नानांच्या पोटात गाठ निघाली आहे. त्यांचे जुने भरवशाचे डॉक्टर धुळ्याला, म्हणून सकाळच्या एसटीनं त्यांना इथं घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, पण वय झालंय, भूल सोसेल का ते बघावं लागेल, दोन तास धरा. नानांना आत नेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खिशाकडे पाहिलं.

मघाशी एक नर्स म्हणाली, "काका, बसा की बाकावर. दुखतंय का छातीत?" मी नाही म्हणालो. हे मी खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून, उभ्यानंच लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण वही धरायला दुसरा हात मोकळा नाही. मला फार भीती वाटतेय. अडीच तास झालेत. दार अजून उघडलेलं नाही, आणि मी जागा सोडलेली नाही.