मान सरळ करायचा उद्योग

बिघडलेली वस्तू माझ्या हाती द्या आणि निर्धास्त झोपा, असं मी घरात नेहमी सांगतो. घरचे वस्तू लपवून ठेवतात, तो भाग वेगळा!

त्या दिवशी लेकीच्या बेस गिटारची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, पुढे झुकली होती. तारा इतक्या वर आल्या की दाबून दाबून पोरीची बोटं लाल! संध्याकाळी तिचा स्टेजवरचा पहिला कार्यक्रम. रडवेली झाली बिचारी.

"सोप्पं आहे गं! मानेच्या आत लोखंडी सळई असते. ती पिळली की मान सरळ!"

"बाबा, पाव फेराच हं. मग वाजवून बघायचं."

पाव? मी काय भाजी घेतोय? दिला अख्खा फेरा. वर आणखी एक, प्रेमाने!

तेवढ्यात बायकोचा ऑफिसातून फोन आला. लेकीने स्पीकर लावला. "आई, बाबा पान्याने मान पिळतायत! मोडणार बहुतेक!"

आता योगायोग बघा. सकाळीच आमच्या सासऱ्यांची मान लचकली होती आणि ते गळ्याला पट्टा लावून आतल्या खोलीत पडले होते.

"हात लावू नका म्हणावं त्यांना!" बायको किंचाळली. "मी निघालेच!"

सासऱ्यांनी हे ऐकलं, दारातून माझ्या हातातला पाना पाहिला आणि थेट बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

"अहो, तुमची नाही, गिटारची मान!" मी ओरडलो.

"आधी तिचं काय होतंय ते बघू!" आतून आवाज आला.

तिचं काही बरं होत नव्हतं. तार छेडली की नुसती खरखर! मान आता उलटी, मागे वाकली होती. पोरीचा कार्यक्रम मीच बुडवला होता!

बायको धापा टाकत पोचली तेव्हा पाना लेकीच्या हातात होता. थोडं सैल करायचं, वाजवायचं, पुन्हा थोडं सैल. आणि एकदम खोल, स्वच्छ सूर घुमला! बाथरूमची कडीही उघडली.

"बाबा, मान अगदी ताठ नाही चालत. किंचित बाक लागतो, तरच तारेला हलायला जागा मिळते."

"लग्नापासून हेच सांगतेय मी यांना," बायको म्हणाली.

संध्याकाळी पोरीने स्टेज दणाणून सोडलं. माझे डोळे भरून आले. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "काय वाजतेय हो गिटार! दुपारी बिघडली होती म्हणे, कोणी नीट करून दिली?"

मी छाती फुगवून तोंड उघडलं. बायकोने पाहिलं. पट्ट्यामुळे अख्खे वळून सासऱ्यांनीही पाहिलं.

माझी मान आपोआप पाव फेरा सैल झाली.

"लेकीने," मी म्हणालो.