लिंबू आत्ताच कापायचं

टिपणीसकाका आमच्या रात्रीच्या जेवणाला बरोब्बर हजर होतात, पण जेवत नाहीत. एका खिशातून लिंबू काढतात, दुसऱ्यातून छोटी सुरी, आणि माझ्या वरणावर पिळून मोकळे होतात. मला न विचारता.

विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत ते वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. काकू गेल्या वर्षी गेल्या. तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काकांचा जन्म गेला, त्यामुळे आमचं स्वयंपाकघरही त्यांना लॅबच वाटतं. माझ्या बायकोने, सुलभाने, हिमोग्लोबिन कमी आल्याचं एकदा लिफ्टमध्ये बोलून दाखवलं आणि तिथेच आम्ही फसलो.

"वहिनी, नुसता पालक खाऊन लोह अंगी लागत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व पाहिजे."

"मग लिंबू कापून ठेवत जाईन."

"छे, कापून ठेवलं की हवेने बिघडतं. लिंबू आत्ताच कापायचं."

झालं. तेव्हापासून आम्ही घास घेतो आणि हे डोक्याशी उभे. बसा म्हटलं की, "मी जेवून आलोय." वर जेवणानंतर चहा प्यायची चोरी, कारण चहा लोह अडवतो.

"अहो, चहात अँटिऑक्सिडंट असतात, असं तुम्हीच सांगितलंत ना?" मी एकदा वैतागून विचारलं.

"असतात की. पण तासाभराने प्या."

परवा तर कहर झाला. माझे साहेब जेवायला आले होते. "तुम्ही फिकट दिसता," म्हणत काकांनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. मग मीही फिकट पडलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच मी वर गेलो. उद्यापासून येऊ नका, असं तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसून खारी चहात बुडवत होते. गॅसवर काही नव्हतं. मला बघून त्यांनी बशीवर हात ठेवला.

"हे जेवण तुमचं?"

"एकट्यासाठी कुठे कुकर लावायचा? ही होती तेव्हा तिच्या पानात लिंबू मीच पिळायचो." त्यांनी बशी बाजूला सारली. "वाढलेलं पान बघितलं की बरं वाटतं हो."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला. आम्हाला लोहाचे धडे देत हा माणूस रोज उपाशी उभा राहत होता.

मी त्यांचा कप उचलून सिंकमध्ये ओतला. "चला खाली. सुलभा ताटं वाढतेय."

त्या रात्री त्यांच्या वरणावर लिंबू मी पिळलं, न विचारता.

"बिया काढाव्यात आधी," ते पुटपुटले, आणि मान खाली घालून बराच वेळ जेवत राहिले.