पाठीचे फोटो काढणारा टिप्या

एका जंगलात एक धबधबा होता, आणि मुलांनो, त्याच्याकडे पाठ करून उभं राहायची तिथे रीत होती.

लांबून लांबून प्राणी यायचे. घाट चढून, धापा टाकत, पिल्लांना खांद्यावर घेऊन यायचे. धबधब्यापाशी पोचले की पाठ फिरवायचे, दात दाखवायचे, फोटो काढायचे आणि भजी खायला निघून जायचे. कुणी तळहात असा धरायचं की धबधबा हातात पडतोय. कुणी तोंड असं उघडायचं की धबधबा घशात पडतोय. लग्न ठरलेली मोरांची जोडपी तर सकाळपासून जागा अडवून बसायची.

त्या धबधब्याच्या काठी एक खवलेमांजर राहायचं. त्याचं नाव खवल्या. नावाला मांजर, पण अंगभर खवले, लांब शेपूट आणि स्वभाव इतका लाजाळू की कुणी टक लावून पाहिलं की त्याचा आपोआप चेंडू व्हायचा. डोकं पोटात, शेपूट डोक्यावर.

खवल्याला एकच सुख माहीत होतं. धबधब्याशेजारच्या सपाट खडकावर बसायचं आणि पाणी कसं पडतं ते बघायचं. पाणी रोज निराळं पडतं, हे फक्त त्याला ठाऊक होतं. पण आता तो दिसला रे दिसला की आरडाओरडा सुरू व्हायचा.

"अगं ए, ते बघ काय! काढ, काढ पटकन!"

लगेच खवल्याचा चेंडू. मग चेंडूवर हात ठेवून फोटो. चेंडूवर पाय ठेवून फोटो. सगळा हंगाम खवल्या धबधब्याशेजारी बसून होता आणि त्याने पाहिलं काय, तर स्वतःचं पोट.

खडकाखालच्या कपारीत खेकडीमावशी राहायची. तिची जीभ तिच्या नांग्यांपेक्षा धारदार होती.

"काय रे, आज काय दिसलं?"

"पोट."

"कालचंच ना?"

"हो."

"मग एक तर जागा बदल, नाहीतर ही माणसाळलेली जनावरं बदल. रोज रोज तुझं तोंड बघून मला पाणी गोड लागत नाही."

खवल्याने विचार केला. भांडण आपल्याला जमणार नाही. भाषण तर त्याहून नाही. पण हातांनी काहीतरी बनवता येईल. वारुळं उकरून उकरून त्याचे पंजे नाजूक कामाला सरावले होते. सामानाला तर तोटाच नव्हता, कारण पाहुणे जाताना पुष्कळ काही टाकून जायचे. मोडकी छत्री. खेळण्यातल्या मोटारीची चाकं. चेपलेला डबा. एका माकडाने फोटोत आपण काळे आलो म्हणून चिडून आपटलेला कॅमेरा.

त्यातून टिप्या तयार झाला.

टिप्या म्हणजे चाकांवरचा डबा. त्यावर छत्रीच्या दांड्याची लांब मान, आणि मानेवर एकच मोठा डोळा. खवल्याने त्याला आपलाच स्वभाव दिला. कुणी डोळ्यात पाहून हसलं की टिप्या मान खाली घालायचा, गिरकी घ्यायचा आणि झुडपामागे पळायचा. पण कुणी धबधब्याकडे तोंड केलं की हा हळूच मागून यायचा. खटक! डब्याच्या फटीतून फोटो बाहेर. फोटोत पाठ, आणि पाठीपलीकडे धबधबा.

"म्हणजे मावशी, फोटो हवा असेल तर धबधब्याकडे बघावंच लागेल," खवल्या म्हणाला. "आणि एकदा बघितलं की फोटोचं भान कुणाला राहतंय? माझ्याकडे तर कुणाचं लक्षही जाणार नाही."

"तू फार चांगला आहेस रे," मावशी म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

पहिल्या दिवशी मात्र कमाल झाली. एक अस्वलीण टिप्याच्या मागे धावून धावून दमली. "ए शहाण्या, इकडे बघ! अरे, हसतेय ना मी!" टिप्या झुडपात. शेवटी तिने कंटाळून पाठ फिरवली आणि समोर धबधबा दिसला.

"अगोबाई," ती म्हणाली, "हा एवढा मोठा आहे होय!"

खटक!

चेंडू झालेल्या खवल्याने एक डोळा किलकिला करून हे पाहिलं. त्याला वाटलं, जमलं.

पण अस्वलिणीचा तो फोटो जंगलभर फिरला, आणि युक्ती सगळ्यांना कळली. आता सगळेच धबधब्याकडे तोंड करून उभे राहू लागले. डोळे धबधब्याकडे, पण कान मागे.

"काढला का?"

"अजून नाही. तू बघत राहा, बघत राहा."

"किती वेळ बघू? मान दुखली."

"मान जरा तिरकी कर. हरवल्यासारखी दिसली पाहिजेस."

एका लांडोरीने तल्लीन कसं दिसावं याचे वर्ग काढले. खांदे सैल, श्वास खोल, एक पंख गालाला. तिथे प्रवेश मिळेना. आणि धनेशसर नावाचे एक कलेतले जाणकार पक्षी होते, त्यांनी टिप्याभोवती चक्कर मारून जाहीर केलं, "हे यंत्र नव्हे. हे भाष्य आहे."

"भाष्य म्हणजे काय हो सर?" खवल्याने चेंडूतूनच विचारलं.

"ते तुम्हाला नाही कळणार," सर म्हणाले. "तुम्ही फक्त केलंय."

मग आले तरसराव. ते पर्यटन समितीचे अध्यक्ष होते. तरस असल्यामुळे ते कायम हसत असायचे आणि प्रत्येक फोटोत चांगले यायचे, म्हणूनच त्यांना अध्यक्ष केलं होतं. त्यांनी फीत कापली, टिप्याला हार घातला आणि खवल्याच्या चेंडूला शाल गुंडाळली.

"आपल्या मातीतला कलाकार!" ते म्हणाले. "आजपासून टिप्या समितीचा."

गर्दी दुप्पट झाली. खवल्याला आता पोटसुद्धा नीट दिसेना, कारण शाल मध्ये येत होती.

तेवढ्यात एक अडचण निघाली. धबधब्याचे तुषार टिप्याच्या डोळ्यावर उडायचे आणि फोटो पुसट यायचे. तक्रारी झाल्या. तरसरावांनी धबधब्यापाशीच बैठक बोलावली.

"तर मंडळी, अडचण एकच आहे," ते हसत म्हणाले, "ती म्हणजे पाणी. वरच्या अंगाला दगड टाकू आणि पाणी पलीकडच्या दरीत सोडून देऊ. हंगाम संपला की बघू."

"वा, वा," सगळे म्हणाले.

खवल्याच्या पोटात गोळा आला. तो पोटाजवळच होता, त्यामुळे त्याला तो फार जवळून जाणवला. कपारीतून खेकडीमावशी कुजबुजली, "पाणी गेलं तर मी मेले रे. बोल काहीतरी! आयुष्यात एकदा तोंड वर कर!"

खवल्या उलगडला. सगळे त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्याची शेपूट आपोआप डोक्याकडे येऊ लागली. त्याने ती दोन्ही पंज्यांनी घट्ट धरून ठेवली. त्याला राग आला होता, आणि राग त्याला नवीन होता.

"मग धबधबा हवाय कशाला तुम्हाला?" तो ओरडला. "एक मोठा फ्लेक्स छापा धबधब्याचा! टांगा इथे, आणि त्याच्यासमोर उभे राहा! नाही तरी कोण बघतंय!"

पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

खवल्याला वाटलं, आता सगळ्यांना लाज वाटली असेल.

"मंडळी," तरसराव सावकाश म्हणाले, "याला म्हणतात दृष्टी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "कोरडं राहील!" मोर म्हणाले. "रंग पक्का असेल," लांडोर म्हणाली. "भाष्यावर भाष्य," धनेशसर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. दगड टाकायचं काम रद्द झालं, कारण फ्लेक्स लावणं सोपं होतं.

फ्लेक्स लागला. झाडाएवढा उंच. त्यातला धबधबा खऱ्यापेक्षा निळा होता, आणि खालच्या कोपऱ्यात तरसराव हात जोडून हसत होते. गर्दी त्याच्यासमोर तल्लीन होऊन उभी राहायची, टिप्या मागून खटक करायचा, आणि फोटो कसे अगदी स्वच्छ यायचे.

आणि फ्लेक्सच्या मागे?

मागे कुणीच नव्हतं. धबधबा होता आणि सपाट खडक होता. खवल्या हळूच तिथे येऊन बसला. जरा वेळ त्याने शेपूट हाताशीच ठेवली. मग सोडून दिली. पाणी पडत होतं. मध्येच वाऱ्याने त्याची धार वाकडी व्हायची आणि परत सरळ व्हायची. पलीकडून आवाज येत होता, "वा! काय धबधबा आहे!" खवल्याला तोही ऐकू येईनासा झाला.

त्यामुळे एक दिवस टिप्या वाट चुकून फ्लेक्सच्या मागे आला, हे त्याला कळलंच नाही. खटक झालेलंही कळलं नाही. टिप्या फोटो घेऊन तसाच समितीच्या फलकाकडे गेला, जिथे रोजचे फोटो लावले जायचे.

"घात झाला!" खेकडीमावशी धावत आली. "तुझा फोटो फलकावर लागलाय! खडक दिसतोय, पाणी दिसतंय. आता सगळे इकडे येतील!"

खवल्याचा चेंडू झाला. तसाच गडगडत तो फलकाजवळच्या झुडपात गेला आणि कान देऊन राहिला. फोटोभोवती गर्दी होती.

"मान तिरकी नाही," लांडोर म्हणाली. "खांदे पडलेले. याने वर्ग केलेला दिसत नाही."

"पाणी पुसट," तरसराव हसत म्हणाले.

धनेशसरांनी फोटो अगदी चोचीजवळ घेतला. बराच वेळ पाहिला.

"मागचा धबधबा," सर शेवटी म्हणाले, "खोटा वाटतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फोटो काढून टाकण्यात आला. खवल्या उलगडला आणि खडकावर परत गेला.

गोष्ट ऐकली की काहीतरी शिकावं लागतं, मुलांनो, तेव्हा हे शिकून ठेवा.

तात्पर्य : एखादी सुंदर जागा वाचवायची असेल, तर तिच्याकडे नीट बघा असं कुणाला सांगू नये. तिच्यासमोर तिचाच मोठा फोटो लावावा, त्यावर अध्यक्षांना हात जोडायला थोडी जागा ठेवावी, आणि आपण गुपचूप मागे जाऊन बसावं.