दोन पोटांची गाडी

मी मत्सरी नाही, हे आधीच सांगून टाकतो! कुणाचं भलं झालं की मला आनंदच होतो. फक्त ते आमच्या साडूचं होऊ नये, एवढीच माझी माफक अपेक्षा असते.

सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचा मान थोरला जावई म्हणून पहिल्यापासून माझा. मग धाकट्या साडूने विजेवरची गाडी घेतली, आणि पहिल्याच फेरीनंतर सासूबाई म्हणाल्या, "काय बाई गाडी! जरासुद्धा आवाज नाही. कापसावर बसल्यासारखं वाटतं!"

म्हणजे मी त्यांना इतकी वर्षं खलबत्त्यात घालून नेत होतो!

त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते शोरूममध्ये जाऊनच थांबलं. मी हायब्रिड घेतली. प्लगवाली! घरी चार्ज करा, विजेवर चालवा. वीज संपली तर पेट्रोल आहेच. साडूच्या गाडीला एक पोट, माझ्या गाडीला दोन!

"आधी घरात चार्जिंगची नीट सोय करून घ्या," बायको म्हणाली.

"सोय कसली? मोबाइल लावतो तशी गाडी लावायची!"

पण घाई कशाला, म्हणून आधी काही दिवस पेट्रोलवरच हिंडलो. मुख्यतः साडूच्या घरासमोरून. सहज! एकदा तो सुटलेलं पोट सावरत झाडांना पाणी घालत होता. त्याने वर पाहिलं नाही, म्हणून मी वळसा घालून परत आलो. मग त्याने हसून हात हलवला. काय तो कुत्सित हात!

या हेलपाट्यांत पेट्रोलचा काटा पार तळाला टेकला. टेकेना का! सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली. मोठा सॉकेट एकच, आणि त्यात कसलीतरी पिन अडकलेली. ती उपटली, माझी खोचली. गाडीवर हिरवा दिवा लागला. मला तर गाडी बाळसं धरताना दिसायला लागली!

सकाळी वायर काढून खिडकीतून आत भिरकावली आणि सासूबाईंना घेऊन ऐटीत निघालो.

"जावईबापू, हिचा आवाज येतोय की!"

"गुणगुणतेय, आई. नवी आहे ना."

"आणि हा पिवळा दिवा?"

"शोभेचा!"

दवाखान्याचा रस्ता सरळ होता, पण मी वाट वाकडी करून साडूच्या गल्लीत शिरलो. सासूबाई माझ्या शेजारी बसलेल्या त्याला दिसायला नकोत? दिसल्या! कारण बरोबर त्याच्या फाटकासमोर गाडीने एक उचकी दिली आणि मान टाकली.

मी बायकोला फोन लावला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला आहे, हे माझ्या ध्यानातच नाही!

"अगं, रात्रभर चार्जिंगला होती, तरी बंद पडली!"

"ती वायर गाडीची होती?" गल्लीभर आवाज घुमला. "मी काढली ती! तुम्ही फ्रिजची पिन उपटून ठेवली होती! सगळं दूध नासलं! मला वाटलं, तुमचं ते ड्रिल मशीन असेल!"

तोवर साडू काचेजवळ येऊन उभा राहिला होता. "काळजी करू नका, दादा. माझ्या गाडीतून वीज बाहेर काढता येते. तुमच्या गाडीला देऊ या."

नाही म्हणायला तोंड होतं कुठे? त्याने वायर आणली आणि माझी गाडी त्याच्या गाडीला जोडली.

"अगं बाई!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "धाकट्याची थोरल्याच्या गाडीला पाजतेय!" आणि त्यांनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

"किती वेळ लागेल?" मी दात आवळून विचारलं.

"थेंब थेंब जाते, दादा. दवाखान्यापुरती भरायलाही बराच वेळ लागेल."

"मग तुझी गाडी सोड की! आईंची वेळ चुकेल."

साडूने वायर ओढून पाहिली. मी ओढली. दोघांनी मिळून ओढली. माझ्या गाडीने ती दातांत घट्ट धरली होती. कुठलं बटण दाबलं की सुटते, हे पुस्तकात होतं, आणि पुस्तक घरी. तिकडे साडूच्या गाडीतलं टोकही निघेना, आणि वायर लागलेली असताना त्याची गाडी जागची हलायलाच तयार नाही!

शेवटी मेव्हणी बाहेर आली. आमच्याकडे नुसतं पाहिलं, स्कूटर काढली, आईला मागे बसवलं आणि निघून गेली. दोन जावई, दोन गाड्या, आणि सासूबाई स्कूटरवर!

आम्ही दोघं पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने साडू म्हणाला, "दादा, रागावू नका, पण तुम्ही ही गाडी घेतल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. तुम्ही कुठेही लांब जाऊ शकता. मी गावाबाहेर पडलो की नुसती टक्केवारी बघत बसतो. त्यात तुम्ही रोज समोरून जाता!"

काय सांगू, कानात मध ओतल्यासारखं वाटलं! मी मोठ्या मनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, असा जळू नये माणसाने!"

तेवढ्यात सासूबाई परतल्या. केस विस्कटलेले, गाल लाल, डोळे चमकत होते.

"काय मजा आली गं! तोंडावर वारा, गर्दीतून सुळकन वाट, अगदी दवाखान्याच्या दारात! आता मी कुणाच्या गाडीत बसायची नाही बाई!"

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी स्कूटरच्या दुकानात डोकावलो. सहज!

आत साडू हेल्मेट घालून बसला होता. त्याने पटकन काच खाली ओढली, पण मी त्याला पोटावरून ओळखलं.