परबकाकांची ड्रिल

आमच्या मजल्यावरचे परबकाका चहाला आले की चहा बाजूलाच राहतो. चपला काढून ते थेट स्वयंपाकघरात शिरतात, भांड्यांच्या साबणाचा फेस करतात आणि तो गॅसच्या नळीला चोपडतात. मग बुडबुडा येतो का ते बघत ओट्याखाली उकिडवे बसून राहतात. बायको माझ्याकडे बघते. मी पंख्याकडे बघतो.

"काका, वास कुठे येतोय?" मी एकदा म्हटलं.

"मेल्या, वास येईसर थांबतलस काय?"

तेलशुद्धीकरण कारखान्यात सेफ्टी इंजिनियर होते ते. कुठला व्हॉल्व्ह झिरपतो, हवेत किती गॅस गेला, वारा कुठल्या वस्तीकडे वाहतोय, यातच अख्खी नोकरी गेली. माणूस रिटायर झाला, खोड काही झाली नाही. देसायांच्या वास्तुशांतीला होम पेटवायच्या आधी यांनी गुरुजींना विचारलं, "आगीच्या कामाचं परमिट घेतलंत?" आणि वाळूची बादली घेऊन शेजारीच उभे राहिले. गुरुजींनी मंत्र असे भराभर आटपले की देवाच्याही कानावर निम्मेच पडले असतील.

पण खरी कमाल म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या रविवारची ड्रिल. काकांची शिटी वाजली की अख्खं मुलुंड आरामात पोहे खात असताना आमची बिल्डिंग तेवढी पोहे टाकून जिन्याने खाली, बदामाच्या झाडाखाली. ड्रिलला एक जखमी लागतो, आणि ती जखमी कायम परबकाकूच. पक्षाघातानंतर काकू चाकाच्या खुर्चीत असतात, आणि आमच्या जुन्या लिफ्टमध्ये ती खुर्ची मावत नाही. आम्ही चौघांनी ती तिसऱ्या मजल्यावरून उचलून आणायची. काका पुढे उलटे उतरत, "सावकाश. वळणावर सावकाश रे." मग झाडाखाली डोकी मोजायची. जन्मभर काटेकोर मोजमाप केलेल्या या माणसाला आमची डोकी एका फेरीत कधी जुळली नाहीत. ते पुन्हा मोजत, आम्ही जांभया देत उभे, आणि काकू बायकांमध्ये बसून मनसोक्त गप्पा मारत.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी वैतागले. "परबसाहेब, रविवारची पार वाट लागते. बंद करू या ना हे." भराभर हात वर झाले, ठराव पास. एरवी नियमांवर तासभर बोलणारे काका शिटी खिशात घालून उठून गेले.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "काका, काकूंना आम्ही असंच आणू की खाली."

"असंच कसं?" ते म्हणाले. "ड्रिल असली की ते तुमचं काम. असंच आणलंत तर उपकार. उपकार मागायची सवय नाही रे मला."

एवढा बडबड्या माणूस, आणि हे एवढं सांगायला त्याला ड्रिल बंद व्हावी लागली.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. शिटी अर्थातच वाजली नाही. आम्ही चौघांनी जाऊन बेल दाबली. काकांनी दार उघडलं आणि आधी आमच्या पायांकडे बघितलं.

"स्लिपर चालणार नाहीत. बूट घालून या."

मी आत डोकावलो. काकू ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून खुर्चीत बसल्या होत्या.

"किती उशीर रे आज?" त्या म्हणाल्या. "मी केव्हाची तयार आहे."

काका माझ्या कानाशी आले. "बंद झालीय ते सांगितलं नाही मी तिला," ते हळूच म्हणाले. "धीरच झाला नाही."